ट्रेलरच्या डब्यात विंडो एसी: कामाच्या नोंदी, नागपूर

११ फेब्रुवारी २०२४

डबा सामान वाहायचा आहे, बंद, चारही बाजूंनी जीआय चादर (जस्त चढवलेला पत्रा), आतून १० फूट बाय ६ फूट आणि उंची सव्वासहा फूट, बोलेरोच्या मागे लागतो. नोंदणी, ब्रेक, मागचे लाईट हे सगळं आधीच झालंय. आत प्लायची जमीन आणि बेडची चौकट एवढंच आहे. हिवाळ्यात आम्ही दोघं मस्त झोपून आलो त्यात, काही त्रास नाही. पण जंगलात खरं काही पाहायचं असेल तर एप्रिल-मे, नाले आटले की जनावर पाणवठ्यावर येतं, आणि नेमकं तेव्हाच या डब्यात दहा मिनिटं बसवत नाही. नागपूरच्या उन्हाबद्दल काय सांगायचं, २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदवलेत. म्हणून एसी लावायचा हे पक्कं केलं, आणि काम लिहून ठेवायचं म्हणजे पुढं कोणाला करायचं असेल तर कामात येईल.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच, "कूलर लाव ना बे, एसी काहून?" घरी आमच्याकडे कूलरच आहे आणि मे महिन्यात तो झकास चालतो हे मान्य. बाहेर ४४ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असला तर कूलरमधून साधारण २७ ची हवा येते, त्यात खोटं काही नाही. पण कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणजे धूळ आत, मच्छर आत, आणि तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो, जंगलाच्या कडेला एवढं पाणी आणायचं कुठून? वरून मृग लागला की कूलर नुसता चिकचिक करतो. म्हणून कूलर बाद.

आता टन किती. दुकानात विचारलं तर म्हणतात छोटा डबा आहे, एक टन घ्या, दीड घ्या, बिनधास्त राहा. मी वहीत हिशोब मांडला. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद. उघड्या चादरीच्या या डब्यात मे महिन्याच्या दुपारी भिंती, छत, माणसं सगळं धरून चार-साडेचार किलोवॅट उष्णता आत शिरते. म्हणजे एक टन कमीच पडतो. तोच डबा आतून इंचभर एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा पण टणक फोम) लावून आणि छताला दोन इंच देऊन मोजला तर आकडा दीड किलोवॅटच्या आसपास येतो, अर्ध्या टनाहूनही कमी. म्हणजे तीन भागातले दोन भाग काम इन्सुलेशन करते आणि उरलेलं एसीनं करायचं. आधी इन्सुलेशन, मग एसीचं दुकान, क्रम हाच.

१८ फेब्रुवारी

दुपारी टेंपरेचर गन घेऊन डब्याला सगळीकडून मोजलं. बाहेर ३२, छताची चादर (राखाडी रंग आहे) वरून ६०, आतली हवा ४५. अजून फेब्रुवारीच आहे.

वाडीच्या एका गोदामातून एक्सपीएसच्या २५ एमएमच्या शीट आणल्या. थर्माकोल स्वस्त पडला असता पण तो दाबला की दबतो, हिंदकळला की दाणे सुटतात, आणि हा डबा रस्त्यावर धावणार आहे. पीयू फोम फवारून घ्या असंही दोघांनी सांगितलं, उष्णता अडवायला तो सगळ्यात भारी यात वाद नाही, पण तो चादरीला कायमचा चिकटतो, उद्या आतून गंज लागला तर दिसणारही नाही आणि काढताही येणार नाही. शीट काढता येते. ज्या डब्याची वर्षानुवर्षं देखभाल करायची आहे त्यात काढता येणारी गोष्टच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

चिकटवायचं काय, हे नीट पाहून घ्या. सुतार लोक वापरतात ते उग्र वासाचं काँटॅक्टवालं सोल्युशन एक्सपीएसला लावलं की शीट डोळ्यादेखत विरघळून खड्डा पडतो, कारण त्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खाते. थर्माकोलचंही तसंच. त्यामुळे कॅनमधला पीयू फोम थोडा थोडा मारून शीट दाबून बसवल्या.

३ मार्च

भिंती झाल्या, छत झालं. डब्याला आतून दर दोन फुटांवर इंचाच्या चौकोनी पाईपच्या बरगड्या आहेत. शीट बरगड्यांच्या मध्ये बसते, पण बरगडी स्वतः बाहेरच्या चादरीला वेल्ड केलेली, म्हणजे ऊन थेट लोखंडातून आत. इथं बहुतेक लोक सोडून देतात. मी प्रत्येक बरगडीवर ६ एमएमची काळी नायट्राईल पट्टी लावली, तीच जी एसीच्या तांब्याच्या पाईपवर असते, आणि त्यावर ४ एमएम प्लाय स्क्रूनं. प्लाय लावायच्या आधी आणि नंतर हात लावून पाहिला, बरगडीची जागा हाताला कळत नाही आता.

छताला दुसरा थर असा लावला की खालच्या थराच्या सांध्यावर वरच्याचा सांधा येत नाही. बाहेरून छत पांढरं केलं, ऊन परतवणारा पेंट मिळतो घराच्या गच्चीला मारायचा, तोच, दोन हात.

वायरी सगळ्या पीव्हीसी पाईपमधून. पीव्हीसी वायर पॉलिस्टायरीनला चिकटून राहिली तर वायरचं वरचं आवरण कडक होते आणि कालांतरानं तडकते. शिवाय एक्सपीएस जळते. उघडं कुठंच ठेवलं नाही, सगळीकडे प्लाय.

दुपारी मोजलं, बाहेर ३४, डबा दिवसभर बंद, आतली हवा ३६. एसी अजून घेतलाही नाही आणि एवढा फरक, खूप बरं वाटलं. बायको आत जाऊन बसली आणि म्हणाली, "आता चालते."

१७ मार्च

एसी कोणता यावर बराच खल झाला.

छतावर बसणारे खास कॅम्परचे एसी बाहेरून येतात, महाग पडतात, बिघडले तर इथं पार्ट मिळत नाहीत. चाकावरचा पोर्टेबल, ज्याला एकच पाईप असतो, तो खोलीतलीच थंड हवा ओढून कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) थंड करतो आणि पाईपनं बाहेर फेकतो, मग तेवढीच गरम हवा फटीतून आत येते. नागपूरच्या दुपारी ते काही कामाचं नाही.

स्प्लिटचं आकर्षण होतं, बाहेरचं युनिट पुढच्या दांड्यावर (ज्यानं ट्रेलर गाडीला जोडतात) ठेवता येते, आवाज कमी, विजेला चांगला. पण स्प्लिटमध्ये तांब्याच्या पाईपला फ्लेअर नटचे, म्हणजे नट आवळून केलेले, चार जोड असतात आणि ट्रेलर कमानीच्या पाट्यांवर उड्या मारत जातो. घराच्या भिंतीवर नट पंधरा वर्षं हलत नाही, इथं प्रत्येक गतिरोधकावर हलणार, गॅस निघून जाणार. विंडो एसीत सगळे जोड कारखान्यात ब्रेझ करून, म्हणजे धातू वितळवून, बंद केलेले असतात, उघडा जोड एकही नाही. म्हणून विंडो. आणि साधा, इन्व्हर्टरवाला (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नाही, म्हणजे धूळ आणि धक्के सोसायला मोठं सर्किट बोर्डच नको. पाऊण टन, आकार साधारण ६०० एमएम रुंद, ३८० उंच, ५६० खोल, वजन ४० किलोच्या घरात.

एसीत भरलेल्या गॅसचाही विचार केला. आर-३२ आणि आर-२९० असे दोन पर्याय समोर आले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, पर्यावरणाला चांगला, घराच्या मोठ्या खोलीत मी तोच घेतला असता. पण आपला डबा साडेदहा घनमीटरचा. त्यात २५०-३०० ग्राम प्रोपेन गळला तर घनमीटरला २४ ते २९ ग्राम होते आणि पेट घ्यायची मर्यादा ३८ ग्राम आहे. वरून तो हवेपेक्षा जड, खाली बेडपाशी साठणार, तिथं मर्यादा सहज ओलांडेल. आर-३२ चा अर्धा किलो सगळा गळला तरी घनमीटरला ४८ ग्राम, आणि त्याची मर्यादा ३०७. एवढ्याशा जागेत झोपायचं आहे तर आर-३२.

३१ मार्च

पुढच्या भिंतीला खिडकी कापली. जागा पुढंच का, तर दांड्याच्या वरची जागा तशीही रिकामी असते, एसीचा मागचा भाग तिथं बाहेर आला तर ट्रेलरची लांबी-रुंदी वाढत नाही. आधी बोलेरो जोडून दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली, कोपरा कुठं येतो ते. बोलेरोचं मागचं दार आडवं उघडते आणि स्टेपनी त्याच दारावर, ती एसीला लागू नये म्हणून खडूनं दाराचा घेर मारला आणि त्याच्या बाहेर एसी ठेवला.

वेल्डर काका कामाला फार बारीक माणूस. मार्किंग झाल्यावर मी म्हटलं मारा ग्राइंडर, तर ते म्हणाले, "थांबा भाऊ, घाई नका करू", आणि चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलनं मोठी गोल भोकं पाडली, मग भोकापासून भोकापर्यंत चादर कापली. कापलेल्या खिडकीचा कोपरा गोल निघाला. त्यांनी बोट फिरवून दाखवलं, "काटकोन ठेवला की तिथूनच चादर फाटते, गाडी हालून राहिली की चीर पुढंपुढं जाते. गोल असला की थांबते." त्यांचं हे एक वाक्य सगळ्या मोजमापापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, चालत्या डब्याला कुठंही भोक पाडणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

मधली एक बरगडी कापावी लागली, तिचा भार दोन्ही बाजूच्या बरगड्यांवर जावा म्हणून ४० बाय ४० च्या ५ एमएम अँगलची पूर्ण चौकट केली आणि खालून दोन टेकू थेट पुढच्या दांड्याच्या लोखंडाला. एसीचं वजन चादरीवर अजिबात नाही, सगळं दांड्यावर. वेल्डिंग होईस्तोवर त्या भागात इन्सुलेशन लावलं नव्हतं, ठिणगी उडाली तर एक्सपीएस पेटते. संध्याकाळी लावलं.

९ एप्रिल, पाडवा

एसी आज आणला, पाडव्याला नवीन वस्तू घरात यावी हा घरच्यांचा आग्रह, आणि दुकानात गर्दी म्हणजे विचारू नका, अर्ध नागपूर एसी घ्यायला आलेलं. आणताना उभाच ठेवला, आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल पाईपमध्ये जाते.

चौकटीत बसवताना खाली जाड रबराचे पॅड, आणि एसीच्या तळाला बोल्ट, वरून स्टीलची पट्टी. एसीच्या बाजूला ज्या जाळ्या असतात त्या सगळ्या भिंतीच्या बाहेर आल्या पाहिजेत, कारण कंडेन्सर तिथूनच हवा ओढतो. आतल्या बाजूला फक्त दर्शनी भाग आणि जेमतेम दीडशे एमएम.

उताराचा मुद्दा. घरी विंडो एसी मागे थोडा कललेला ठेवतात, पाणी बाहेर पडावं म्हणून, तो हिशोब जमीन सपाट धरून असतो. ट्रेलरची जमीन कुठं सपाट असते? एसी पुढच्या भिंतीत, म्हणजे दांडा वर उचलला गेला की पाणी उलटं आत, नेमकं उशीवर. म्हणून उतार नेहमीपेक्षा जास्त दिला आणि दांड्यावर छोटी लेव्हल कायमची चिकटवली, बुडबुडा रेषेच्या ठरलेल्या बाजूला दिसेपर्यंत पुढचा जॅक खाली घ्यायचा.

पुढं ४० किलो आणि चौकटीचं लोखंड वाढलं तर दांड्याचा भारही वाढला. घरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडा टेकवून मोजला आणि बॅटरीची जागा चाकाच्या मागे नेली. दांडा फार जड झाला की गाडीची मागची कमान बसते, फार हलका झाला की ट्रेलर मागून शेपटीसारखा हलतो, दोन्ही वाईट.

१२ एप्रिल

अवकाळी पाऊस आला रात्री, चांगला जोरात. खिडकीच्या चौकटीभोवती पीयू सीलंट आणि वर पाणी तोडायला वाकवलेली पट्टी. आत थेंब नाही.

२१ एप्रिल

आजचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

एसीचा बाहेरचा भाग उघडा ठेवता येत नाही, बोलेरोच्या चाकातून गिट्टी उडते, पाऊस असतो. म्हणून त्यावर चादरीचा हुड करायचा. पण हुड केला की एसी कोंडला जायची भीती. म्हणून लोखंड कापायच्या आधी पुठ्ठ्याचे हुड करून मोजायचं ठरवलं. बाहेर सावलीत ४० अंश, दुपारचे तीन, एसी २४ वर, क्लॅम्प मीटर (वायरला वेढून करंट मोजणारा) लावलेला, एक थर्मामीटर बाजूच्या जाळीपाशी, एक आतल्या गार हवेच्या तोंडाशी.

हुड नसताना जाळीपाशी हवा ४१, करंट ३.९ अँपिअर, आतली हवा १४ अंशानं येत होती. मग पुठ्ठ्याचा पूर्ण हुड घातला, मागे चार इंच जागा सोडून, जसा बाजारात शेड म्हणून करून देतात तसा. पाच मिनिटांत जाळीपाशी ५३! करंट ४.७ आणि आतली हवा १९. म्हणजे एसी स्वतः फेकलेली गरम हवाच परत ओढून घेत होता, हुडच्या आत गोल गोल फिरत. बाहेर ४० होतं, एसीला मात्र ५३ वाटत होतं. हेच मे महिन्यात ४५ ला झालं असतं तर त्याला ५८ वाटलं असतं आणि कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडला असता. एसीच्या डब्यावर लिहिलेली ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, त्याच्या पुढं प्रत्येक अंशाला ती कमीच होत जाते.

मग तिसरा हुड. मागचं तोंड पूर्ण उघडं, आणि एसीच्या मागच्या कडेपासून हुडच्या भिंतीपर्यंत दोन्ही बाजूंना आणि वरून पुठ्ठ्याच्या पडद्या, फट राहू नये म्हणून फोमची पट्टी. म्हणजे बाजूच्या जाळीला हवा फक्त खालून आणि बाजूच्या खिडक्यांतून मिळणार, आणि मागून निघालेली गरम हवा पडदीच्या पलीकडे, परत येऊच शकणार नाही. जाळीपाशी ४२, करंट ४.०, आतली हवा साडेचौदा. जवळजवळ उघड्या एसीसारखंच.

माझं सांगणं एवढंच आहे की ट्रेलरमध्ये, व्हॅनमध्ये, टपरीत कुठंही एसी लावा, टन मोजत बसू नका, एसी श्वास कुठून घेतो आणि सोडतो कुठं ते आधी पाहा. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगळी ठेवली की पाऊण टन पुरतो, नाही ठेवली तर दीड टनही पुरणार नाही, नुसती वीज जळेल. कित्येकांना मी पाहिलंय, आधी एसी कोंडून लावतात, मग गॅस कमी आहे म्हणून गॅस भरून घेतात, मग मोठा एसी घेतात.

त्याच मापानं वेल्डर काकांनी जीआयचा हुड केला, पडद्या पत्र्याच्या, मागे विणलेली जाळी. जाळीचंही पाहिलं, बारीक भोकाची जाळी अर्धी हवा अडवते, म्हणून मोठ्या डोळ्याची घेतली. प्रवासात मागच्या तोंडावर कॅनव्हासचं कव्हर, आणि त्या कव्हरची दोरी एसीच्या एमसीबीपाशी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) अशी बांधली की कव्हर काढल्याशिवाय एमसीबी वर करता येत नाही.

५ मे

विजेचं काम संपलं.

२४ व्होल्ट २०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे पाच युनिटच्या थोडी वर. ३ केव्हीएचा प्युअर साईन इन्व्हर्टर, बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा. एसी ९०० वॅट ओढतो तेव्हा बॅटरीकडून ४० अँपिअरच्या वर जाते, म्हणून ३५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज. एसीच्या लाईनला १६ अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा झटका सोसणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा). डबा लोखंडी आहे, आत माणसं झोपतात, आरसीसीबी आणि अर्थिंग यात काटकसर कोणीही करू नये.

साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाचपट करंट ओढतो. इन्व्हर्टर ते झेलतो पण २ केव्हीएचा जनरेटर गुदमरतो. म्हणून सुरुवातीचा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर लावला, आता जनरेटरवरही सुरू होते. यात एसीची वॉरंटी जाऊ शकते हे आधीच समजून घ्यावं. आणि बंद झालेला एसी तीन मिनिटं चालू करायचा नाही, आतला दाब समान व्हायला वेळ लागतो, त्यासाठी टायमर टाकला.

छतावर ५४० वॅटचं एक पॅनल. चार इंच उंच उचलून लावलंय, खालून हवा जाते, छताला सावलीही मिळते. उन्हाळ्यात दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट देते. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं नसते, पॅनल तापलं की पंधरा टक्के तरी घटते.

१९ मे

खिंडसी तलावापाशी रात्र काढली, रामटेकच्या पलीकडे ओळखीच्यांच्या शेतात ट्रेलर लावला. कामठी, कन्हान, मनसर करत गेलो, मनसरला थांबून सगळे बोल्ट हातानं तपासले, एकही ढिला नाही.

संध्याकाळी सात वाजता आत ३८. पाऊण तासात २६. नंतर कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालला. पहाटे पाचला बॅटरीत १६ टक्के शिल्लक, म्हणजे रात्र निघाली, जनरेटर काढायची वेळच आली नाही. काढला असता तर वीस-पंचवीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला असता, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आत लावलेला आहेच.

एक गोष्ट फार कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. एवढ्या घट्ट बंद डब्यात दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातला कार्बन डायऑक्साईड साठत साठत दोन टक्क्यांपर्यंत जातो, सकाळी डोकं जड. म्हणून एसीचं व्हेंट उघडं आणि मागच्या दाराच्या खाली जाळी लावलेली फट मुद्दाम ठेवली. थोडी थंडी जाते, जाऊ द्या.

शेतवाले आजोबा पाहायला आले, आत हात घालून म्हणाले, "लयच गार करते का बाप्पा हे." पन्हं घेऊन आले होते, डब्यात बसून प्यायलो.

३१ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस, चालू आहे. काल इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवल्याची बातमी सगळीकडे फिरली, नंतर हवामान खात्यानं सेन्सरच बरोबर नसल्याचं सांगितलं. ५६ नसलं तरी ४५ च्या आसपास होतं आणि तेवढंही भरपूर झालं. मी थर्मामीटर भिंतीपासून दूर, सावलीत, वारा लागेल असा टांगतो, नाही तर आकड्याला काही अर्थ नाही.

भर दुपारी दोन ते चार डबा उन्हात उभा करून चालवला, घरच्या लाईनवर. बाहेर ४५, जाळीपाशी ४७, करंट ४.४, आत २७. कॉम्प्रेसर एकदाही ट्रिप नाही. २४ ला सेट होता पण तिथं पोचला नाही, पोचायची गरजही नाही, बाहेरून आत पाऊल टाकलं की अठरा अंशांचा फरक आहे.

पुढची भिंत पश्चिमेकडे केली की करंट थोडा वाढतो. ट्रेलर उभा करताना हुड उत्तरेकडे.

२३ जून

पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली आणि मे महिन्यात जो एसी थेंब गाळत नव्हता तो आता तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी काढून राहिला. पाणी हुडच्या तळातून दांड्यावर पडत होतं, तिथं गंज धरेल म्हणून तळाला अर्ध्या इंचाचा पाईप जोडला आणि खाली चाकाच्या बाजूला नेला, तोंडाला बारीक जाळी, नाही तर गांधीलमाशी घर करते. कंडेन्सरवर खिंडसीच्या कच्च्या रस्त्याची धूळ बसली होती, ती आतून बाहेर अशी हलक्या पाण्यानं धुतली, प्रेशरचा पाईप लावला की फिन्स (कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या) वाकतात. आता दाराच्या रबराचा खालचा कोपरा बदलायचा आहे, इतवारीतून रबर आणलंय, पुढच्या आठवड्यात.